रंगरावच्या खिशातली काडी

देहूरोड
३ डिसेंबर १९५६

सौ. सावित्रीवहिनी,

देहूरोडहून दौलतचा नमस्कार. कार्ड बघून दचकू नका, वाईट बातमी नाही. रंगरावची तब्येत जरा उतरली म्हणून त्याला पुण्याला ठेवलंय. झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं, एवढंच. इस्पितळ मोठं आहे, आवारात कडुनिंबाची झाडं आहेत, हवा चांगली. मी दर रविवारी जाऊन येतो. छबी आता बोबडं सोडून नीट बोलते का, असं तो विचारत होता.

तुमच्या खोलीला कुलूप लावलंय, किल्ली आमच्या कुसुमकडे. तुम्ही दिवाळीच्या आधी गेलात त्याला महिना उलटून गेला. नवरा-बायकोत राग येतो आणि जातो. दोन ओळी त्याला लिहिल्यात तर त्याला बरं वाटेल. कार्डावरची जागा संपली. तुमच्या ज्योतीरामदादांना नमस्कार सांगा.

दौलत

देहूरोड
१९ डिसेंबर १९५६

सौ. सावित्रीवहिनी,

तुमचं उत्तर नाही. दादांचं मात्र आलं. त्यांनी लिहिलंय, पुण्यात कडुनिंबाची झाडं असलेलं इस्पितळ कोणतं ते गावातल्या एकाला ठाऊक आहे, तेव्हा उगाच झाडं दाखवू नका. हो दादा, तेच इस्पितळ. लोक त्याला वेड्यांचं म्हणतात. पण रंगराव वेडा नाही. त्याला सगळं कळतं, सगळं आठवतं, माझ्या धोतराला लागलेला चिखलसुद्धा त्यानं दाखवून दिला.

वहिनींना हे वाचून दाखवणार तुम्ही, म्हणून आमच्या कामाबद्दल थोडं लिहितो. आमच्या कंपनीचं कोठार सुरुंगाच्या दारूचं. खाणींना आणि रस्त्यांच्या कामांना इथून पेट्या जातात. पिंपरीकडे कारखाने उभे राहताहेत, त्यामुळे खडी फोडणाऱ्यांचा तगादा वाढलाय. आत दीडशे माणूस काम करतं आणि एक ठिणगी पडली तर दीडशेतला एकही घरी जायचा नाही. म्हणून फाटकावर झडती. विड्या, काड्यापेटी, खिळे ठोकलेली पायताणं, सगळं बाहेरच्या खोक्यात टाकायचं आणि मग आत. मी आणि रंगराव झडतीवाले. आता झडतीवाल्यांची झडती कोण घेणार? तर आम्हीच एकमेकांची. रोज सकाळी सात वाजता, सगळ्या माणसांच्या देखत, तो माझे खिसे बघायचा आणि मी त्याचे.

रंगराव यात एक नंबर. पेट्या उचलणारा म्हातारा गेनबा पागोट्याच्या घडीत विडी दडवायचा, तर रंगराव त्याच्या चालण्यावरून ओळखायचा. आठ वर्षांत त्याच्या हाताखालून एक काडी आत गेली नाही. सुट्टी झाली की फाटकाचं कुलूप ओढून बघायचा, चार पावलं यायचा, परत जाऊन ओढायचा. कधी कधी आम्ही स्टेशनापर्यंत आलेलो असायचो आणि हा माघारी. आम्ही हसायचो. साहेब म्हणायचे, असा माणूस लाखात एक. आता इस्पितळातले डॉक्टर म्हणतात, तुम्ही ज्याची आठ वर्षं तारीफ केलीत तो अर्धा तरी आजारच होता. त्याला भीती वाटत होती आणि ती कंपनीच्या उपयोगाची होती, म्हणून कुणी तिला भीती म्हटलं नाही.

श्रावणातल्या एका शनिवारी त्याच्याच कोटाच्या खिशात काडी सापडली. एकच. कुणीतरी गंमत केली असावी. रंगराव विडी ओढत नाही, तपकीरसुद्धा नाही. मग काडी आली कुठून? आली असेल तर घरातून, चुलीजवळून, हे त्याच्या डोक्यात बसलं आणि पुढचं तुम्ही भोगलंत.

वहिनी, एक गोष्ट तुम्हाला कळायलाच हवी. अंगणात चार बायकांसमोर त्यानं तुमचा पदर झटकून बघितला, ते मीही पाहिलं होतं. तुम्हाला वाटलं, नवरा मला चोर समजतो. कुणालाही तसंच वाटलं असतं. पण रविवारी त्यानं मला सांगितलं. त्याला वाटायचं, काडी आपल्याच हातून निसटून तुमच्या पदरात पडली असणार आणि तुम्ही चुलीशी वाकलात की पेट घेणार. तुमच्यावर त्याचा कधीच संशय नव्हता. संशय सगळा स्वतःवर.

एवढं तरी मनात असू द्या.

दौलत

देहूरोड
७ जानेवारी १९५७

सावित्रीवहिनी,

हे पाकीट चिकटवून पाठवतोय. दादा, तुम्हाला हात जोडतो, हे वहिनींच्या हातात द्या. रंगराव अभिमानानं सांगायचा, तिची चौथी झालीय, फक्त जोडाक्षराशी थांबते. म्हणून मोठं अक्षर काढतोय. वहिनी, थांबत थांबत वाचा, पण तुम्हीच वाचा.

ती काडी मी ठेवली.

हे वाक्य लिहून मी उठलो, पाणी प्यालो, परत बसलो. कागद फाडला नाही, एवढीच काय ती माझी मर्दुमकी.

त्या शनिवारी त्यानं नेहमीप्रमाणे माझी झडती घेतली. दोन्ही खिसे, टोपीची पट्टी, धोतराची कनवट. मग म्हणाला, "दौलत, परत एकदा बघू दे." मी म्हटलं, "बघ बाबा, सासऱ्याच्या घरचं लुगडं तर दडवलं नाही ना मी." सगळे हसले, तो हसला नाही, त्यानं परत बघितलं. काडी माझ्या दोन बोटांच्या बेचक्यात होती. बोटं सोडून सगळं बघितलं त्यानं. मग माझी पाळी आली. मी त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि काडी घेऊन बाहेर काढला. "अरे रंगराव, हे काय?"

बेत असा होता की तो कावराबावरा होईल, माणसं हसतील आणि मी म्हणेन, गंमत रे. माणसं हसली. मी तोंड उघडलं. तेवढ्यात पाठीमागून साहेबांचा आवाज आला. शनिवारी ते कधी नवाच्या आत येत नाहीत. त्या दिवशी जमादार चिमाजीला घेऊन फाटकाशी उभे होते. काडी फाटकाच्या आत आणणाऱ्याला त्याच दिवशी कामावरून काढून घरी पाठवतात, हा नियम लहान पोरालाही ठाऊक आहे. मी तोंड मिटलं.

चिमाजीला मी बाजूला घेऊन पुटपुटलो, की ती काडी रंगरावची नसावी. तो निघोज्याचा सरळ माणूस. म्हणाला, "आरं, काडी कुनाची बी आसंल. खिसा त्याचा हाय का न्हाई?" बोलण्यासारखं एकच होतं आणि ते मी गिळलं.

साहेब रंगरावकडे वळले. म्हणाले, "तुझी आठ वर्षं बघून सोडतो." माफ केलं त्याला. दंड केला असता, चार दिवस घरी बसवलं असतं, तर तो भोगून मोकळा झाला असता. न केलेल्या चुकीची माफी घेऊन माणूस कुठं जाणार?

दुपारच्या सुट्टीत तो माझ्याजवळ आला. "दौलत, काडी माझ्या खिशात आली कुठनं रं?"

"आली असेल कुठूनतरी. सोड की."

"एकच हुती न्हवं? तू नीट बगितलंस?"

"एकच होती."

दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी परत. भाद्रपद सरेपर्यंत तो मला हेच विचारत होता आणि मी हेच सांगत होतो. अख्ख्या देहूरोडात ज्या एका माणसाला खरं उत्तर ठाऊक होतं, त्यालाच तो विचारत होता.

पुढे त्यानं तुमच्या चुलीत पाणी ओतलं. तुम्ही आमच्या कुसुमच्या चुलीवर रांधायला लागलात. छबीला ताप भरला होता त्या दिवशी तुम्ही तिला कडेवर घेऊन पेज शिजवायला आलात. मी ओट्यावर बसलो होतो. "कसं आहे पोरीचं?" असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "भावजी, ह्यांना काय झालंय, तुम्हाला तरी काही सांगतात का?" मी म्हटलं, "कामाचा ताण आहे."

त्या वेळी बोललो असतो तर तुम्ही आज माहेरी नसता. याची मला लाज वाटते, वहिनी. दुसरा शब्द मला सापडत नाही.

दौलत

देहूरोड
२८ जानेवारी १९५७

सावित्रीवहिनी,

तुमच्याकडून उत्तराची आशा नव्हतीच. मी लिहितोय ते एवढ्यासाठी की मागच्या पत्रातही मी पुरतं खरं लिहिलं नाही. गंमत असं लिहिलं होतं. गंमत होती, पण नुसती गंमत नव्हती.

चिमाजी यंदा निवृत्त होणार. त्याच्या जागी जमादार कोण, यावर पावसाळ्याआधीपासून कुजबुज होती. मी रंगरावपेक्षा तीन वर्षांनी जुना. कोरेगावहून त्याला इथं आणला मी, साहेबांसमोर उभा केला मी, पहिल्या महिन्यात माझ्या खोलीत ठेवून घेतला मी. आणि आषाढात साहेबांनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं "वा रंगराव!" मीच म्हटलं. घरी येऊन मात्र जेवलो नाही. कुसुमला सांगितलं, पोट दुखतंय.

त्याची नोकरी जावी असं माझ्या मनात कधीच नव्हतं. मला त्याला एकदा, फक्त एकदा, चुकलेला बघायचा होता. माझ्याकडून चुका होतात, चिमाजीकडून होतात, साहेबांकडून होतात, मग ह्याच्याकडूनच का नाही? एवढ्या साध्या गोष्टीसाठी माणूस असं करतो, हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आता सांगायला सुरुवात केली आहे तर सगळीकडे सांगितलं. आधी कुसुमला. ती भाकरी थापत होती, हात थांबले. म्हणाली, "त्या पोरीनं दीड महिना माज्या चुलीवर रांधलं. तवा तुमच्या तोंडाला कुलूप लागलं हुतं व्हय?" त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मग साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. माझा बिल्ला मी खोक्यात टाकला. खरं सांगतो, त्याचं काहीच वाटलं नाही. मला भीती होती ती रविवारची.

काल रंगरावला सांगितलं.

झाडाखाली बाक आहे, तिथं आम्ही बसतो. तो वाळलाय, पण दाढी केली होती, केस विंचरले होते. मी लिमलेटच्या गोळ्या नेल्या होत्या, त्यातली एक त्यानं मला दिली, एक स्वतः घेतली. मी म्हटलं, "रंगा, ती काडी मी ठेवली होती. माझ्या हातात होती ती. तुझ्या खिशात कधीच नव्हती." बोटं धरूनही दाखवली, कशी धरली होती ती.

तो माझ्या बोटांकडे बघत राहिला. मला वाटलं, आता मारील. मारावं असंच वाटत होतं. त्यानं माझा हात धरला, वहिनी, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लई मोठं मन हाय तुझं," तो म्हणाला. "पर असलं काही सांगू नगंस."

"अरे, खरं सांगतोय मी. छबीची शपथ."

"सावित्रीनं बी शपथ घेतली हुती. ती म्हनली, व्हय, मीच ठिवली काडी, आता तरी इचारू नगा. दमली हुती बिचारी. माज्यापायी खोटं बोलली. आता तू बी बोलाय लागलास." मग म्हणाला, "साहेबास्नी तर न्हाई ना असं सांगितलंस? नोकरी जाईल तुझी."

वहिनी, तुम्ही असं म्हणाला होतात हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला दोष देत नाही. रात्रंदिवस एकच प्रश्न ऐकून दगडसुद्धा हो म्हणाला असता. पण तुम्ही सुटकेसाठी म्हणालात ते त्यानं ओळखलं आणि मी खरं सांगितलं ते ओळखलं नाही. त्याच्या लेखी आपण दोघं सारखीच, त्याच्यावर माया करणारी माणसं. मला ही माया घेऊन तिथून उठता येईना.

निघताना डॉक्टरांना भेटलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, हा आजार त्याच्यात लहानपणापासून थोडाथोडा असणार, काडी नसती तरी दुसरं काही निमित्त झालं असतं, कदाचित. कदाचित म्हणाले. त्या एका शब्दावर मी कालची अख्खी रात्र काढली. कधी वाटतं, सुटलो. कधी वाटतं, नसतंही झालं.

आणि मुख्य ते हे. डॉक्टर म्हणतात, पहिल्यापेक्षा तो बराच बरा आहे, आता त्याला घर हवं. पण सही करून न्यायला घरचं माणूस लागतं, मित्र चालत नाही. आईबाप नाहीत, भाऊ नाही. तुम्हीच आहात. तुम्ही नाही आलात तर तो तिथंच राहील आणि तिथं राहिलेली माणसं मी बघतो दर रविवारी. काहींना कोणी बघायला येतच नाही. त्यांनी वाटेकडे बघणंही सोडलंय.

माझ्यावर राग धरा, तो धरायलाच हवा. त्याला घेऊन जा.

दौलत

देहूरोड
१३ फेब्रुवारी १९५७

सावित्रीवहिनी,

तुमचं कार्ड काल मिळालं. तुमचं अक्षर पहिल्यांदाच पाहिलं. दोनच ओळी आहेत, पण किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. "मी रविवारी येते. त्या दिवशी आणि त्यानंतर तुम्ही तिथं नसा."

बरोबर आहे. मी नसेन.

कोरेगावहून सकाळच्या गाडीनं निघा, म्हणजे दुपारच्या आत पोहोचाल. स्टेशनाबाहेर टांगेवाल्याला इस्पितळाचं नाव सांगितलं की तो तुमच्याकडे वळून बघेल, लक्ष देऊ नका. छबीला बरोबर आणा. डॉक्टरांना आधी भेटा. साहेबांशी चिमाजी बोललाय. रंगरावला परत घेणार आहेत, पण फाटकावर नाही, गोण्या शिवायच्या शेडमध्ये. तिथं दर गोणीला गाठ मारली की ती गोण समोरून नेतात, परत बघायला उरतच नाही. ही चिमाजीची अक्कल, मला सुचली नसती.

खोलीची किल्ली कुसुमकडे होती, ती आता शेजारच्या यशोदाबाईंकडे ठेवतोय, कारण आम्ही शनिवारी इथून निघतो. चाकणच्या बाजारात कांद्याच्या वखारीवर काम मिळालंय. कुसुमनं तुमची खोली सारवली, चूल नव्यानं लिंपली, जळण रचून ठेवलं. मला हात लावू दिला नाही.

डॉक्टरांनी मला जे समजावलं ते तुम्हाला लिहितो, कारण ते तुम्हाला रोज लागणार आहे. तो विचारेल. चूल विझली का, दार लावलं का, काडी पडली का. एकदा उत्तर दिलं की त्याला घोटभर बरं वाटतं आणि मग तहान वाढते. म्हणून उत्तर द्यायचं नाही. रागवायचंही नाही. म्हणायचं, "हा तुमचा आजार विचारतोय," आणि त्याच्या हातात काहीतरी काम द्यायचं. चूल त्याच्यासमोर पेटवायची, त्याला तिथंच बसवून ठेवायचं, घाम फुटला तरी उठू द्यायचं नाही. तो रडेल, तुम्ही पण रडाल. महिना जाईल, वर्ष जाईल, डॉक्टरांनी मुदत सांगितली नाही.

मागच्या रविवारी मी त्याला भेटलो तेव्हा तुमचं कार्ड आलेलं नव्हतं. त्यामुळे निरोप घेतला नाही. पुढच्या खेपेला शेंगदाण्याचे लाडू आणतो म्हणून निघालो. तो फाटकापर्यंत सोडायला आला होता.

एवढंच एक मागणं आहे आणि मागायचा हक्क नाही हे ठाऊक आहे. थोडे दिवस तो काही बोलणार नाही. मग एक दिवस जेवताना विचारील, दौलत का येत नाही? मी त्याला इतकी वर्षं ओळखतो, पुढचा प्रश्नही मला ठाऊक आहे. माझं काही चुकलं का? तो हेच विचारणार. मी तोंड दाखवत नाही याचाही दोष तो स्वतःकडे घेणार आणि कुठं चुकलं ते रात्रंदिवस शोधत बसणार.

बाकी सगळ्या प्रश्नांना डॉक्टर सांगतात तसंच करा. या एकाला मात्र उत्तर द्या, वहिनी. मला शिव्या घाला, दौलत मेला म्हणून सांगा, हवं ते सांगा. पण तुमचं काही चुकलं नाही, एवढं त्याला म्हणा. तो परत विचारील. परत म्हणा.

दौलत